बायोडेटा आणि ऑफिस, दोन्हीचे फोटो एकाच शूटमधे काढायचे असतील तर

प्रश्न थोडक्यात असा आहे की वय २९, पुण्यात आयटीत नोकरी, दोन आठवड्यांनी शनिवारी सकाळी स्टुडिओ बुक केलाय, लग्नाच्या बायोडेटासाठी आणि लिंक्डइनसाठी एकाच शूटमधे फोटो हवेत, चष्मा आहे, रंग सावळा आहे, "माझे फोटो कधीच चांगले येत नाहीत, पैसे वाया जाऊ नयेत म्हणून काय घालू आणि काय तयारी करू?" त्यावर बऱ्याच जणांनी कपड्यांचे रंग सुचवलेत, ते काही चुकीचे नाहीत, पण मी पुण्यात पोर्ट्रेटचंच काम करते, बरीच वर्षं झाली, आणि येणाऱ्या बहुतेकांचा पहिला प्रश्न कपड्यांचा असतो नि फोटो बिघडतो तो भलत्याच कारणानं. जरा लांबण लागेल, चालवून घ्या.

आधी ते "चांगले येत नाहीत" बघू, कारण ही समजूत डोक्यात घेऊन माणूस आला की स्टुलावर बसायच्या आधीच अंग चोरून घेतो. तुमचे आत्तापर्यंतचे फोटो कुणी काढलेत? सेल्फी, नाहीतर ऑफिसच्या पार्टीत कुणीतरी हात लांब करून काढलेला ग्रुप फोटो, नाहीतर लग्नात पंगतीत तोंडात घास असताना. फोन तोंडापासून दीड-दोन फुटांवर असतो तेव्हा नाक कॅमेऱ्याला जवळ पडतं आणि कान त्यामानानं लांब, म्हणून नाक मोठं, कपाळ फुगीर आणि कान जवळजवळ गायब. ग्रुपमधे कडेला उभ्या राहिलात तर फोनची वाइड लेन्स कडेच्या माणसाला आडवं ताणते, त्यात तुमच्या वजनाचा काही संबंध नसतो. स्टुडिओत आम्ही सहा-आठ फूट लांब उभे राहतो, ८५ एमएमच्या आसपासची लेन्स लावतो, आणि समोर बसून गप्पा मारणाऱ्याला तुमचा चेहरा जसा दिसतो साधारण तसाच फोटोत येतो. म्हणजे निम्मी तक्रार नुसत्या अंतरानं मिटते, त्याला तुम्हाला काहीच करायचं नाहीये.

उरलेली निम्मी आरशामुळे असते. आपण स्वतःला रोज उलटं बघतो, भांग डावीकडे असेल तर आरशातही डाव्याच बाजूला दिसतो, आणि फोटोत तो अचानक पलीकडे जातो, तिरकं हसू दुसऱ्या बाजूला वळतं, एक भुवई जरा वर असेल तर ती भलतीकडेच वर दिसते. अमेरिकेत १९७७ साली याच्यावर एक अभ्यास झाला होता, त्यात लोकांना स्वतःचा आरशातल्यासारखा उलटा केलेला फोटो जास्त आवडला आणि त्यांच्या मैत्रिणींना मात्र सुलटा. तेव्हा फोटो बघून "ही मी वाटतच नाही" असं झालं तर लगेच घाबरू नका, आणि शेवटची निवड एकटीनं करू नका, हे आत्ताच लक्षात ठेवा, पुढे परत त्यावर येते.

आता तुमचा खरा प्रश्न. तुम्ही दोन वेगवेगळ्या लोकांसाठी फोटो काढताय आणि ते दोघं अगदी वेगळ्या गोष्टी शोधतात. बायोडेटाचा फोटो आधी बघते ती मुलाची आई, नाहीतर मावशी, व्हॉट्सअ‍ॅपवर, चष्मा कपाळावर सरकवून, दोन बोटांनी मोठा करून. तिला फुल साइझ हवा असतो, चेहरा स्पष्ट हवा असतो, आणि ती फोटोत घरातलं माणूस कसं असेल ते बघत असते. लिंक्डइनवरचा फोटो बघणारा माणूस एका छोट्या गोलात खांद्यापासून वरचं काय ते बघतो, दोन सेकंदं, आणि पुढे जातो. पहिल्यात पदर, उंची, हात कुठे आहेत हे सगळं मोजलं जातं, दुसऱ्यात फक्त डोळे आणि कॉलर. हे फोटोग्राफरला आधी माहीत नसेल तर तो दोन्हीकडे चालेल असं काहीतरी मधलं काढून देतो आणि ते कुठेच चालत नाही, काठपदराची साडी नेसून हाताची घडी घातलेले फोटो तुम्हीही पाहिले असतील.

म्हणून पहिली तयारी म्हणजे स्टुडिओला एक मेसेज, आणि तो आजच टाका. त्यात लिहा की फोटो दोन कामांसाठी हवेत, एक बायोडेटा, त्यात एक फुल साइझ आणि एक क्लोजअप, आणि एक ऑफिसचा, खांद्यापर्यंत, गोलात कापला जाणारा. चष्मा आहे आणि तो ठेवायचा आहे की काढायचा. शरीराबद्दल काही सांगण्यासारखं असेल तर तेही लिहून टाका, म्हणजे एक डोळा जरा बारीक आहे, दातांना तार आहे, कोड आहे, गुडघा दुखतो म्हणून फार वेळ उभं राहवत नाही, काहीही. लोक हे समोरासमोर सांगायला लाजतात आणि मग अख्खं शूट मान एका बाजूला वळवून लपवत बसतात, आम्हाला आधी कळलं तर लाइट कुठून टाकायचा नि कॅमेरा कुठल्या उंचीवर ठेवायचा ते आम्ही त्या हिशोबानं बघतो आणि तुम्हाला लपवावंच लागत नाही. आवडलेले तीन-चार फोटो पाठवा, पण त्यातलं काय आवडलं ते लिहा, उजेड, पडदा, की नुसतं निवांत बसणं. हिरॉइनचा फोटो पाठवून "असं" एवढंच लिहिलं तर त्यातून आम्हाला काही कळत नाही. बघायचेच असतील तर गौतम राजाध्यक्षांनी काढलेले फोटो बघा, नट-नट्या कोण ते सोडून द्या, उजेड गालावरून कसा अलगद उतरतो आणि माणूस किती सहज बसलाय ते बघा, आमच्यातल्या कित्येकांचा डोळा ते बघूनच तयार झालाय.

इथे एक गोष्ट कबूल करायला हवी की मी सांगते त्यातलं बरंच तुमच्या स्टुडिओवर अवलंबून आहे. मेकअप त्यांच्याकडे आहे का, कपडे बदलायला खोली आणि इस्त्री आहे का, वेळ किती दिलाय, एडिट केलेले फोटो किती मिळणार, जीएसटी धरून रेट सांगितलाय की वर १८ टक्के लागणार, हे सगळं त्याच मेसेजमधे विचारून घ्या. माझ्याकडे एका कपड्यातलं काम नीट करायला अर्धा-पाऊण तास जातो, त्यामुळे एक तासाचं बुकिंग असेल तर चार जोड कपडे नेण्यात अर्थ नाही. तुमच्या कामाला दोन पुरे, फार तर तीन.

कपड्यांचं आता. सगळ्यात आधी मापात बसणारं हवं. रंग बरोबर असून खांद्यावर लोंबणारा शर्ट फोटोत मागून चिमटे लावून आवळावा लागतो, आम्ही लावतोही, पण मग तुम्ही हलायला घाबरता. नवीन कोरं काही घालायचं असेल तर ते घरी एकदा घालून तासभर वावरा, बसा, हात वर करा, गळा कुठे जातो बघा. ब्लाउज शूटच्या आदल्या रात्री टेलरकडून आणलेला असेल तर दुसऱ्या दिवशी माझा निम्मा वेळ टाचण्या शोधण्यात जातो, हे दर लग्नसराईत होतं.

बारीक चौकडी आणि बारीक उभ्या-आडव्या रेघा टाळा. डिजिटल कॅमेऱ्यात अशा कापडावर इंद्रधनुष्यी लाटा उमटतात, प्रत्यक्षात नसलेल्या, आणि त्या नंतर काढणं हे वैतागवाणं काम असतं. मोठी चौकडी, मोठं फूल, काठ, याचा त्रास नाही. पोपटी, फ्लोरोसंट, भडक नारिंगी हे रंग गळ्यापाशी नकोत, कारण लाइट कापडावर आपटून वर येतो आणि हनुवटीच्या खालची त्वचा चक्क हिरवी नाहीतर केशरी दिसते. खाली सलवार पोपटी असेल तर असू दे. ऑफिसच्या फोटोला गडद निळा, वाइन, बाटली हिरवा, मातकट गुलाबी असं काहीतरी एकरंगी घ्या, कॉलर असेल तर ती कडक हवी, आणि ब्लेझर घालणार असाल तर तो हँगरवर आणा, पिशवीत घडी करून नाही. पांढरा शर्ट चालतो पण आतलं सगळं दिसतं याचा विचार घरीच करून या.

साडीचं सांगायचं तर पैठणी किंवा भारी सिल्क लाइटखाली चमकतं आणि जरीची नक्षी मधेच पांढरी फटक दिसते, ते सांभाळता येतं, पण बायोडेटाला तेवढं जड नेसलेली मुलगी आधीच बोहल्यावर चढल्यासारखी दिसते असं माझं मत आहे. इरकल, खण, चांगलं कॉटन, हलकं सिल्क, यात माणूस दिसतो. कॉटनला स्टार्च बेतानं, नाहीतर निऱ्या फुगून उभ्या राहतात. फॉल-पिको झालेलं असू दे, परकर साडीच्याच रंगाचा, आणि सेफ्टी पिना मोजून दुप्पट आणा. पदर पिनअप करणार की मोकळा सोडणार हे घरी आरशात ठरवा, आणि ज्या बाजूनं मोकळा दिसायला हवा ती बाजू फोटोग्राफरला सांगा, लाइट त्या बाजूनं लावतात. टिकली लहान ठेवा, मोठी चकाकती टिकली फ्लॅशमधे कपाळावर पांढरा ठिपका होऊन बसते. आणि साडीतून ऑफिसच्या कपड्यात जाताना टिकलीचा गोंद कपाळावर राहतो, नथ घातली असेल तर नाकावर वळ राहतो, म्हणून क्रम उलटा ठेवा, आधी ऑफिसचं उरकून घ्या, मग साडी. मेकअपही तसाच आधी हलका नि मग गडद करत नेता येतो, गडद केलेला उतरवत बसणं म्हणजे चेहरा लाल करून घेणं.

आता सावळ्या रंगाबद्दल, जे तुम्ही प्रश्नात शेवटी, जरा हळूच लिहिलंय. सावळ्या चेहऱ्याचा फोटो खराब येतो हे खरं नाही, खराब लाइट लावणाऱ्याकडे खराब येतो. फोन नि कॅमेरा समोरच्या दृश्याचा सरासरी उजेड धरतो, मागे पांढरी भिंत किंवा खिडकी असली की सगळंच फार उजळ आहे असं समजून तो फोटो खाली ओढतो आणि त्यात तोंड काळवंडतं, मग घरचे म्हणतात हिचा रंगच तसा. फिल्मच्या काळात कोडॅककडून लॅबना रंग जुळवायला जी नमुन्याची कार्डं यायची त्यावर वर्षानुवर्षं गोऱ्या बाईचाच फोटो असायचा, नव्वदच्या दशकात कुठे ते बदललं. म्हणजे हा तुमच्या चेहऱ्याचा दोष कधीच नव्हता. पांढराशुभ्र पडदा टाळा असं स्टुडिओला सांगा, राखाडी, मातकट, गडद मेंदी, मरून यातलं काहीतरी मागे घ्या, आणि लाइट मोठा, मऊ, चेहऱ्याच्या जवळ हवा. सावळ्या त्वचेवर गालाच्या हाडावर, नाकाच्या कडेला जी हलकी चमक येते ना, ती सुंदर दिसते, ती पावडर थोपून मारून टाकू नका, टिश्यूनं तेल टिपलं की झालं.

मेकअपवाली तुमची ओळखीची असो की स्टुडिओतली, तिला एवढं एकच बजावा की फाउंडेशन मानेला जुळणारं हवं. दोन शेड उजळ लावलं की फ्लॅशमधे चेहरा राखाडी दिसतो आणि मान वेगळ्याच बाईची वाटते. शिवाय बऱ्याच सनस्क्रीनमधे झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायॉक्साइड असतं, ते फ्लॅश परतवतं आणि तोंडावर पांढुरका थर आल्यासारखं होतं, म्हणून शूटच्या दिवशी घरून निघताना ते नको, बाहेर उन्हात शूट असेल तर गोष्ट वेगळी. घरी मेकअप करणार असाल तर खिडकीपाशी बसून करा, बाथरूमच्या पिवळ्या दिव्याखाली केलेला मेकअप दिवसाउजेडी नेहमी जास्त निघतो.

आणि "एडिटिंगमधे थोडं उजळ करा" हे मला रोज ऐकायला मिळतं, बहुतेकदा मुलीच्या तोंडून नाही, बरोबर आलेल्या काकूंच्या. मी नाही करत. फोटो नीट एक्सपोज करून देणं माझं काम आहे, पण रंग बदलून दिलेला फोटो पुढे कांदेपोह्यांना समोरासमोर उघडा पडतो, आणि तेव्हा समोरच्याच्या चेहऱ्यावर जे येतं ते त्या मुलीला झेलावं लागतं, काकूंना नाही. माझा साधा नियम आहे, पंधरा दिवसांत जाणारी गोष्ट काढून टाकायची, म्हणजे पुटकुळी, ओरखडा, झोप न झाल्याची काळी वर्तुळं थोडी हलकी करायची, आणि कायमची गोष्ट ठेवायची, म्हणजे तीळ, व्रण, रंग, जबड्याचा आकार. तुमच्या फोटोग्राफरचा नियम काय आहे ते आधी विचारा आणि तुम्हाला काय नकोय तेही सांगा. न सांगता तीळ उडवून दिलेले फोटो मी बघितलेत, आई बिचारी शोधत बसते.

चष्मा. रोज लावत असाल तर फोटोतही ठेवा, निदान ऑफिसच्या आणि एका बायोडेटाच्या फोटोत, भेटायला येणारा माणूस तुम्हाला चष्म्यातच बघणार आहे. अँटी-ग्लेअर कोटिंग असेल तर बरं, त्यावरही हिरवट झाक येते पण ती आवरता येते. लाइट जरा वर घेतला, हनुवटी किंचित खाली आणली, किंवा चष्म्याच्या दांड्या कानावर केसभर उचलल्या की काचेतली चमक निघून जाते. उन्हात काळा होणारा चष्मा असेल तर मात्र वेगळं, बाहेरून आल्यावर तो पूर्ण पांढरा व्हायला काही मिनिटं लागतात, म्हणून आल्या आल्या काढून पर्समधे ठेवा. घरी त्याच नंबरची जुनी साधी फ्रेम असेल तर तीही आणा. काच रात्रीच स्वच्छ पुसा, आणि नाकावर पॅडचे वण पडतात म्हणून विनाचष्म्याचे फोटो हवे असतील तर ते आधी काढून घ्या. जाता जाता, कुणी "बरोबरीनं व्हिसाचाही फोटो काढून टाका" म्हणत असेल तर तो प्रकार वेगळा आहे, अमेरिकेच्या व्हिसाला नोव्हेंबर २०१६ पासून चष्मा चालत नाही, दोन इंच बाय दोन इंच, पांढरा बॅकग्राउंड आणि एडिटिंग अजिबात नाही, त्यामुळे शूटमधला छानसा फोटो कापून तिथे लावता येत नाही.

पार्लरचा हिशोब दिवसांत मांडते, कारण इथेच लोक घाई करतात. केस कापायचे असतील तर शूटच्या आठवडाभर आधी, म्हणजे नवेपणा जाऊन ते जागेवर बसतात. केस रंगवायचे किंवा मेंदी लावायची असेल तर चार-पाच दिवस आधी, कपाळाच्या कडेला आणि कानामागे लागलेला डाग तोवर धुऊन जातो. थ्रेडिंग, अप्पर लिप, वॅक्सिंग दोन-तीन दिवस आधी, आदल्या संध्याकाळी केलं तर सकाळी तिथे लाल पुरळ घेऊन याल. फेशियल, ब्लीच, पील असलं काही या आधी कधी केलं नसेल तर या पंधरवड्यात सुरू करूच नका, त्वचा कशी वागेल ते कुणी सांगू शकत नाही. घरचा हळद-बेसनाचा लेप आदल्या दिवशी नको, केसांच्या रेषेत, भुवयांत पिवळं राहतं आणि ते डोळ्याला दिसलं नाही तरी कॅमेऱ्याला दिसतं. नखं साधी, स्वच्छ, अर्धवट निघालेलं नेलपॉलिश असेल तर पूर्ण काढून टाका, हात फोटोत येतातच. आणि नेमकी आदल्या दिवशी पुटकुळी आली तर ती फोडू नका, प्लीज, न फोडलेली पुटकुळी एका मिनिटात निघते, फोडलेली जखम निघायला वेळ लागतो. (मुलग्यांसाठी एवढंच की दाढी त्याच दिवशी सकाळी करा, किंवा ठेवणार असाल तर आदल्या दिवशी नीट कोरून घ्या, मधलं काही नको.)

आदल्या रात्री खारट, पापड-लोणचं, हॉटेलचं टाळा, सकाळी डोळ्यांखाली सूज दिसते. झोप घ्या. सकाळी पोटभर नाश्ता करून निघा, भुकेला माणूस फोटोत रागावलेला दिसतो. कॅलेंडरही बघून ठेवा, संकष्टी आली असेल आणि चंद्रोदयापर्यंत उपास कडक असेल तर सरळ तारीख बदलून मागा, साबुदाण्याच्या खिचडीवर दोन-तीन तास उभं राहून चेहरा हसरा ठेवणं अवघड जातं.

पुण्यातली म्हणून तुम्हाला खास सांगते, त्या दिवशी गाडीवर येऊ नका. हेल्मेटनं केस चपटे होतात हे सगळ्यांना कळतं, पण तोंडाला गुंडाळलेला स्कार्फ गालावर नि नाकावर शिवणीचा वळ सोडतो, तो जायला अर्धा तास लागतो, काजळ पसरतं ते वेगळंच. रिक्षा करा, पावसाळ्यात तर नक्कीच. वीस-एक मिनिटं आधी पोचा. मोज्यांचे, घट्ट घड्याळाचे, हातातल्या रबरबँडचे वळ पण याच वेळात जातात.

बरोबर कोण, हा नाजूक विषय आहे. एक माणूस आणा, जिच्यासमोर तुम्ही निवांत असता अशी मैत्रीण किंवा बहीण, तिला पदर, केस, गळ्यातलं लॉकेट यावर लक्ष ठेवायचं काम द्या. आई, मावशी आणि आत्या तिघी मिळून आल्या की कॅमेऱ्यामागून "हस ना जरा", "अगं मान सरळ", "तेवढं पोट आत घे" असं सुरू होतं, आणि मुलीचा चेहरा बघता बघता दहावीच्या निकालाच्या दिवसासारखा होतो. आई येणारच म्हणत असेल तर येऊ द्या, पण फोटोग्राफरला खाजगीत तसं आधी कळवा, मी अशा वेळी त्यांना चहाला बसवते किंवा साड्या लावून ठेवायचं काम देते, बहुतेक फोटोग्राफरांना हे जमतं.

कॅमेऱ्यासमोर गेल्यावर तुम्हाला पोज येत नाहीत याची काळजी करू नका, ते शिकवणं आमच्या पैशात धरलेलं असतं. घरी सराव करायचाच असेल तर दोनच गोष्टींचा करा. एक म्हणजे मान. फोटो काढताना सगळे जण आपोआप हनुवटी मागे ओढतात आणि गळ्याला वळी पडते. कपाळ कॅमेऱ्याकडे थोडं पुढे न्यायचं आणि हनुवटी किंचित खाली, इतकंच. करताना कासवासारखं वाटतं, आरशात बाजूनं बघितलं तर विचित्रही दिसतं, पण समोरून जबड्याची रेघ एकदम स्वच्छ येते, विश्वास बसत नसेल तर मैत्रिणीला सहा फुटांवरून फोनवर झूम करून आधीचा आणि नंतरचा असे दोन फोटो काढायला सांगा. दुसरं म्हणजे उभं राहणं, फुल साइझसाठी. दोन्ही पायांवर सारखं वजन टाकून सावधानमधे उभं राहिलं की माणूस रुंद आणि अवघडलेला दिसतो, वजन मागच्या पायावर टाका, पुढचा गुडघा सैल सोडा, खांदे जरा तिरके. फुल साइझला चप्पल-सँडल दिसतात, ती स्वच्छ आणि साडीला शोभेल अशी आणा. उंची जास्त दिसावी म्हणून कधी न घातलेल्या उंच टाचा घेऊन येऊ नका, त्यात उभं राहायची भीती तोंडावर दिसते.

हसण्याचा सराव करू नका. खरंच नको. पाठ केलेलं हसू ओठांत राहतं, डोळ्यांपर्यंत पोचत नाही. सुरुवातीचे फोटो मी स्वतःच बाजूला टाकते, लोकांना फ्लॅशच्या उजेडाची आणि माझ्या आवाजाची सवय व्हायला जातात ते, म्हणून कॅमेऱ्यामागच्या स्क्रीनवर पहिले दोन फोटो बघून मन घट्ट करून बसू नका. डोळे मिटतात अशी सवय असेल तर सांगा, आम्ही डोळे मिटून बसायला सांगतो आणि तीन म्हटल्यावर उघडायला, त्याच क्षणी क्लिक. मधे दम लागला, ब्लाउज टोचतोय, पाणी हवंय, तर बोला, गप्प सहन केलेलं सगळं भुवयांच्या मधे दिसतं.

नंतरचं थोडक्यात. फोटो त्याच दिवशी थकलेल्या डोळ्यांनी निवडू नका, एक रात्र जाऊ दे. तुम्हाला आवडलेले दहा काढा आणि रोज भेटणाऱ्या दोघी-तिघींना दाखवा, वर आरशाचं म्हटलं ते याच्यासाठी. लिंक्डइनचा निवडताना तो फोनवर नखाएवढा करून बघा, तेवढ्यात डोळे दिसले पाहिजेत. बायोडेटाचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर साधे पाठवले की ते दाबून बारीक होतात, चार ठिकाणी फॉरवर्ड झाल्यावर तर चेहरा मेणाचा दिसतो, म्हणून डॉक्युमेंट म्हणून पाठवा, आणि स्टुडिओकडून मोठ्या फाइल्स ड्राइव्हवर घ्या.

आणि एक गोष्ट जी बहुतेक क्लायंटना माहीत नसते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १७ असं सांगतं की पैसे देऊन कुणाकडून आपला फोटो काढून घेतला आणि वेगळा काही करार केलेला नसेल, तर त्याचा पहिला हक्क पैसे देऊन काढून घेणाऱ्याचा. पण बुकिंग फॉर्मवर खाली बारीक अक्षरात "हक्क स्टुडिओचे" असं लिहिलेलं असलं आणि तुम्ही सही केलीत तर चित्र बदलतं. बायोडेटाचे फोटो स्टुडिओच्या इन्स्टाग्रामवर झळकलेले तुम्हाला आवडणार नसतील तर पैसे भरायच्या आधी व्हॉट्सअ‍ॅपवर एक ओळ लिहून हो-नाही घेऊन ठेवा. पहिल्या मेसेजमधेच ही ओळ घातलीत तरी कुणाला राग येत नाही, आम्हाला रोज कुणी ना कुणी विचारतं.